रस्त्याकडची बाजू

सकाळी उठल्यावर चूळ भरण्याच्याही आधी सासूबाई पुढच्या खोलीच्या खिडकीशी जायच्या. पडद्याची कड दोन बोटांत धरून चोळायच्या, बोटं नाकाशी न्यायच्या, आणि मग कड जराशी सारून समोरच्या इमारतीकडे बघायच्या. समोर खिडक्यांच्या रांगा, आणि प्रत्येक खिडकीला कुणाचा ना कुणाचा पडदा. एकेकावरून नजर फिरवून झाली की त्या म्हणायच्या, "आहेत तसेच." एवढं बोलून त्या चूळ भरायला जायच्या.

सुनेने हे लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रोज पाहिलं होतं. तेव्हा ती नवऱ्यासोबत याच घरातल्या मधल्या खोलीत राहायची. सुरुवातीला तिला वाटलं, बाई खिडकीशी उभ्या राहून प्रार्थना पुटपुटत असतील. प्रार्थनेशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे कळायला फार वेळ लागला नाही.

समोरच्या लोकांना सासूबाई नावाने नव्हे, पडद्यांवरून ओळखायच्या. पहिल्या मजल्यावर 'तपकिरी' राहायचा. त्याचे पडदे मुळात पांढरे होते. सिगरेटी ओढून ओढून त्याने त्यांना रंग दिला होता. त्याच्या शेजारची 'चौकडी'. तिने टेबलावरची कापडंच दांडीला अडकवली होती, आणि एका कापडावर जेवणाचा डाग अजून होता. वरच्या मजल्यावर नवं जोडपं आलं, त्यांनी जाळीचे पडदे लावले. "जाळीतून सगळं दिसतंय," सासूबाई म्हणाल्या, "मग पडदा तरी कशाला? दाराशी तिकिटं विकायला बसा म्हणावं." एका खिडकीला तर वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. त्या घराबद्दल त्या काही बोलायच्याच नाहीत. काही माणसं त्यांच्या लेखी तिरस्काराच्याही लायकीची नव्हती.

हा सगळा तोरा त्यांनी नोकरीतून आणला होता. एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी मोजायला त्या लागल्या, आणि निवृत्त झाल्या तेव्हा सगळं धुलाईघर त्यांच्या धाकात होतं. दोन खाटांच्या मधे ओढायचे हिरवे पडदे त्यांच्या ताब्यात असत. कुठला डाग औषधाचा, कुठला रडण्याचा, कुठला नुसत्या गलथानपणाचा, हे त्या लांबून सांगायच्या. डॉक्टरांविषयी त्यांचं मत एका वाक्यात होतं: "हात धुतात आणि पडद्याला पुसतात." नातेवाईकांविषयीचं मत त्याहून वाईट होतं.

पहिली बढती मिळाली तेव्हा त्यांनी घराला पडदे घेतले. गडद निळे, जाड, वेलबुट्टी विणलेले. आणि पहिल्याच दिवशी ते उलटे लावले. सुलटी बाजू रस्त्याला, आणि दोऱ्यांच्या गाठी, शिवणी, दुमडलेल्या कडा घरात. सासरे बसच्या आगारात गाड्यांच्या वेळा बघायचे. मऊ माणूस. ते म्हणाले, "अगं, पण आपण आत राहतो."

"आपले पडदे कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कळू दे."

सासरे पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. त्या दोघांचे बहुतेक वाद असे पहिल्या वाक्यातच संपायचे. धुणं निघालं की शिडीवर चढायचं काम त्यांचं, आणि ते गेल्यावर सासूबाईंनी त्यांच्याविषयी सगळ्यांत हळवं जे काही सांगितलं ते असं: "माणूस वाईट नव्हता. पण हुक कधी एका रांगेत लावले नाहीत."

मुलं त्या गाठींकडे बघतच मोठी झाली. मुलगा लहान असताना एका मित्राच्या घरी गेला आणि त्याच्या आईला म्हणाला, काकू, तुमचे पडदे उलटे लागलेत. त्या घरात त्याला पुढे वर्षभर हसत होते. घरी येऊन त्याने विचारलं तर आईने त्याला त्या मित्राकडे जायला बंदी केली. सुनेने ही गोष्ट लग्नानंतर ऐकली आणि आपल्या मैत्रिणींना चवीचवीने सांगितली. 'उलट्या पडद्यांचं घर' हे नाव तिनेच पाडलं. स्वतःच्या घरात राहून दुसऱ्याच्या डोळ्यांनी जगणारी बाई, असं तिचं सासूबाईंविषयीचं मत होतं, आणि ते बदलायची गरज तिला कधी पडली नव्हती.

सासूबाईंचंही तिच्याविषयी मत होतं. वर्षभराने मुलगा आणि सून वेगळे राहायला गेले, तेव्हा त्या नव्या घरी एकदाच आल्या. खिडक्यांना दोरीने वरखाली होणाऱ्या पट्ट्या होत्या. सासूबाईंनी त्यातली एक बोटाने वाकवली आणि सोडली.

"दुकानाचं शटर आहे का हे?"

"पुसायला सोपं असतं, आई."

"हो, न पुसायलाही सोपं." त्या चहा न घेताच गेल्या.

अशा रीतीने दोघी आपापल्या घरी सुखात होत्या. मग एका थंडीत सासूबाई स्टुलावरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, बाई म्हणाल्या हात झकास आहे, आणि सगळ्यांनी ते मानून घेतलं, कारण मानून घेणं सोयीचं होतं. पण थंडी संपल्यावर व्हायचं पडद्यांचं धुणं झालं नाही. त्याच्या पुढचंही झालं नाही.

हे पकडलं नणंदेने. नणंद, म्हणजे सासूबाईंची थोरली मुलगी, एका शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि साऱ्या जगाशी तिसरीच्या वर्गाशी बोलावं तशी बोलायची. ती आईकडे गेली, पडद्याची कड दोन बोटांत धरली, चोळली, आणि शिंकली. तिथून ती थेट भावाच्या घरी आली.

"आईचे पडदे मळलेत," तिने बसायच्या आधी सांगितलं.

"मग?" सून म्हणाली.

"मग काय? आपल्या आईचे पडदे मळलेत, याचा अर्थ कळतो का तुला? तिला आता एकटीला जमत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. तिला तुमच्याकडे आणायचं. मी माझ्याकडे नेलं असतं, पण आमच्याकडे जिना आहे."

जिना सुनेच्या घरालाही होता. पण तो ताईंनी नुकताच चढलेला असल्यामुळे त्यांच्या हिशेबी सोपा होता.

"अरे, बोल काहीतरी," नणंद भावाला म्हणाली.

"ताई म्हणते ते बरोबर आहे," तो म्हणाला. हे वाक्य तो बोलायला शिकला तेव्हापासून म्हणत आला होता.

घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत सुनेचं मोठं टेबल होतं, खिडकीपासून दारापर्यंत पसरलेलं. त्यावर ती रस्त्यांचे आणि जमिनींचे नकाशे काढायची. कंपनी घरी काम पाठवायची आणि ती तिथे दिवसभर एकटी, गप्प, सुखी असायची. सासूबाई आल्या तर टेबल जाणार, खाट येणार. आणि रोज सकाळी चूळ भरायच्या आधी कुणीतरी तिच्या पट्ट्यांवरून बोट फिरवणार. नणंदेने सांगितलं, महिनाअखेरच्या रविवारी आपण तिघं आईकडे जाऊ, घर नीट बघू आणि तिथेच ठरवून टाकू. 'नीट बघू' हे ती मुलांच्या दप्तरांबद्दल म्हणावं तसं म्हणाली.

त्या रविवारच्या आठवड्यात, नणंदेने आईलाही हे कळवल्यावर, सासूबाईंचा फोन आला. आजवर त्या फक्त मुलाला फोन करायच्या. सुनेने उचलला तर "त्याला दे" म्हणायच्या.

"शनिवारी ये," त्या म्हणाल्या. "एकटी ये. आणि तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस, तो ताईला सांगतो."

"काय काम आहे?"

सासूबाई आधी खाकरल्या.

"पडदे उतरवायचेत."

अडला हरी गाढवाचे पाय धरतो, ही म्हण सुनेला लगेच आठवली आणि बरं वाटलं. या म्हणीत आपल्या वाट्याला कोण आलं, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

शनिवारी ती गेली. दार उघडून सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे कपडे घालून धुणार?"

"तुमच्याकडे बघायला येणार आहेत ते पडदे, मला नाही."

"ते दिसतंय."

शिडीवर सून चढली. खालून सासूबाई बोलत होत्या. आधी मधला हुक काढ. ओढू नकोस, उचल. तुझं घर नाही हे, इथे दोरी ओढली की काम होत नाही. पडदा खाली आला तेव्हा त्याच्या वजनाने सून शिडीवर डगमगली, आणि सासूबाईंनी दोन्ही हातांनी शिडी धरली. धरली डाव्या हाताने; उजवा नुसता टेकवलेला होता.

हुक काढून एका जुन्या मोज्यात घातले, मोज्याला गाठ मारली. मग पडदे मागच्या गॅलरीत नेऊन काठीने झोडपले. "कोरडी धूळ कोरडीच काढायची," सासूबाई म्हणाल्या. "धुळीवर पाणी ओतलं की चिखल होतो. तुमच्या लाँड्रीत तेच करतात, चिखल करतात आणि वर अत्तर मारतात." धूळ उडून सुनेच्या केसांत बसत होती. सासूबाई वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या.

न्हाणीत मोठ्या टबात गार पाणी, त्यात मूठभर मीठ, रंग जाऊ नये म्हणून. पडदे बुडवले आणि पाणी हळूहळू चहासारखं झालं. सासूबाई त्या पाण्याकडे बघत राहिल्या. अनोळखी माणसाने घरात येऊन नातं सांगावं तशी त्यांची नजर होती.

"एवढी घाण?" त्या म्हणाल्या. आवाज सुनेला ओळखू आला नाही. मग लगेच, "बघत काय बसलीस, ओत ते."

पाणी तीनदा बदललं. मग साबणाच्या पाण्यात सून कपडे वर खोचून उतरली आणि तुडवू लागली. सासूबाई स्टुलावर बसून ताल धरल्यासारख्या सांगत होत्या. टाच नको, चवडा. चवडा नको, सगळं पाऊल. नाचतेस काय, चाल.

"आई, एक विचारू? मी केलेलं काहीतरी तुम्हाला कधी आवडलंय का?"

सासूबाईंनी खरोखरच विचार केला. "माझ्या मुलाला घेऊन गेलीस ते," त्या म्हणाल्या. "घरात दिवसभर 'आई, माझा टॉवेल कुठेय' चालायचं. बरं झालं."

सुनेला हसू आलं. ते दिसू नये म्हणून तिने खाली मान घालून पाय जोरात आपटले.

शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. मग पिळायचं नाही; टबाच्या काठावर निथळत ठेवायचं. त्यानंतर दोघींनी दोन टोकं धरून झटकायचं, म्हणजे सुरकुत्या जातात, आणि ओलसर असतानाच दांडीला लावायचं, म्हणजे पडदा स्वतःच्या वजनाने सरळ होतो, इस्त्री लागत नाही. दोघींनी टोकं धरली. पहिल्याच झटक्याला सासूबाईंच्या हातातून कापड सुटलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्यांदाही सुटलं. या वेळी सुनेने मनगट पाहिलं. हाड बाहेरच्या बाजूला उचललेलं, आणि बोटं तळव्यापर्यंत पोचतच नव्हती. या हाताने ही बाई भाजी कशी चिरते, दाराची किल्ली कशी फिरवते, कुणी विचारलंच नव्हतं. तिनेही नाही.

"त्याच्याकडे बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "कापडाकडे बघ."

सुनेने पडद्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधलं आणि दुसरं धरून एकटीनेच झटकलं. सासूबाई शेजारी उभ्या राहून चुकीच्या दिशेने झटकतेस म्हणून सांगत राहिल्या, पण हळू आवाजात.

लावायच्या वेळी संध्याकाळ झाली होती. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या. झोपेत त्यांचं तोंड उघडं होतं, आणि त्या तशा कुणाला दिसलेल्या आवडल्या नसत्या. सुनेने त्यांना उठवलं नाही. तिने स्वतः शिडी लावली, हुक एका रांगेत घातले, चुण्या सारख्या केल्या. ओल्या कापडाचं उलट-सुलट फारसं कळत नाही. दोन्हीकडून सगळं काळंनिळंच दिसत होतं. काम झाल्यावर ती लांब उभी राहून बघत राहिली आणि, लाज वाटावी इतका, तिला अभिमान वाटला. मग दार ओढून घेऊन ती घरी गेली.

रविवारी सकाळी तिघं आले. दार नुसतं लोटलेलं होतं. नणंद आत शिरली, दोन पावलं चालली, आणि थांबली.

पडदे वाळले होते. खिडकीतून ऊन येत होतं. आणि निळ्या कापडावरच्या वेली घरात फुलल्या होत्या.

इतकी वर्षं जिची टिंगल केली तीच एक गोष्ट सून विसरली होती. तिच्या हाताने आपल्या माहेरच्यासारखं, जगात सगळीकडे लावतात तसं लावलं होतं: चांगली बाजू आत.

सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्या बहुधा पहाटेपासून तिथेच होत्या.

"आई," नणंद म्हणाली, "हे तू लावलेले नाहीत."

"मग कुणी लावले? समोरच्या तपकिऱ्याने?"

"तू मेलीस तरी असे लावणार नाहीस." नणंदेने पडद्याची कड उलटून पाहिली. "सुलटी बाजू आत आहे. कुणाकडून तरी करून घेतलंस. म्हणजे तुला जमत नाही. म्हणजे मी म्हणाले तेच." तिने सुनेकडे पाहिलं, आणि सुनेने खिडकीच्या चौकटीकडे.

सून मनातल्या मनात टेबल उचलायला लागली होती. आधी खालचे कप्पे रिकामे करावे लागतील. मग पाय काढावे लागतील, नाहीतर दारातून जाणार नाही.

"मीच लावले," सासूबाई म्हणाल्या. "आणि बघूनसवरून लावले."

"आई, मी शाळा चालवते. खोटं मला चेहऱ्यावर दिसतं."

"मग शाळेतच बघ. मुलांना दुसरं काही करता येत नाही, म्हणून ती तुला घाबरतात." सासूबाईंनी डाव्या हाताने खिडकीकडे बोट केलं. "जन्मभर चांगली बाजू त्या लोकांना दाखवली. का दाखवली? त्यातल्या एकाची तरी लायकी आहे? एकजण धुरात लोळतो, एकीच्या पडद्याला जेवण लागलंय. त्यांना गाठीच बघू देत आता. मी म्हातारी झाले, मला माझे पडदे बघायचेत."

हे सगळं त्या इतक्या तुच्छतेने बोलल्या की क्षणभर सुनेलाच ते खरं वाटलं. पुढे कितीतरी वेळा तिने विचार केला, त्यातलं किती खोटं होतं. ठरवता आलं नाही.

"बरं," नणंद म्हणाली. "मग एक पडदा काढून पुन्हा लावून दाखव. माझ्यासमोर."

सासूबाईंचा उजवा हात मांडीवर होता, त्यावर डावा.

एवढ्यात मुलगा खिडकीजवळ गेला. आल्यापासून त्याने तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याच्याकडून कुणाची तशी अपेक्षाही नव्हती. तो पडद्याच्या अगदी जवळ, नाक लागेल इतका जवळ उभा राहिला.

"यावर पक्षी आहेत?" तो म्हणाला.

"कुठले पक्षी?" नणंद म्हणाली.

"हे बघ. पानांच्या मधे. एवढे एवढे. रस्त्यावरून वेली दिसायच्या, हे नाही कधी दिसले." तो बोटाने एकेक शोधत चालला. "ताई, बघ ना. सगळीकडे आहेत. आपण इथे राहत होतो आणि आपल्याला माहीतच नाही."

"तू पडद्याचं काय घेऊन बसलास? विषय काय चाललाय?"

"राहू दे तिला इथे," तो म्हणाला.

"काय?"

"आईला इथेच राहू दे. परीक्षा नको घेऊस, ताई. मला नाही बघायची." तो अजून पडद्याकडेच तोंड करून बोलत होता; बहुधा म्हणूनच बोलू शकला. "काही लागलं तर आम्ही येऊ."

नणंद सुनेकडे वळली. घरात तिसरं माणूस आणणं कुठल्या सुनेला आवडणार, हे तिच्या नजरेत स्पष्ट होतं, आणि त्यात ती अगदीच चुकत नव्हती. "ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या काही झालं तर मला सांगायला येऊ नका." ती चहालाही थांबली नाही. तिच्या पाठोपाठ भाऊ तिला गाडीपर्यंत सोडायला गेला, कारण एका दिवसात तो तेवढाच बदलू शकत होता.

खोलीत दोघीच राहिल्या. सुनेला वाटलं, आता बाई काहीतरी बोलतील. आभार नाही, तेवढी ती खुळी नव्हती. पण काहीतरी.

"डावीकडे एक हुक सोडलास," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला उठवायला काय झालं होतं?"

"तुम्ही घोरत होतात."

"मी घोरत नाही."

"बरं."

त्यानंतर वर्षातून दोनदा, शनिवारी, सून एकटी तिकडे जायची. धुणं व्हायचं आणि भांडण व्हायचं. टाचेवरून, साबणावरून, पट्ट्यांवरून, ताईंवरून. ताईंच्या बाबतीत मात्र दोघींचं एकमत असे, आणि त्या विषयावर त्या टबाच्या काठाशी पाणी निथळेपर्यंत रंगून बोलायच्या. एकमेकींविषयीचं मत दोघींनीही बदललं नाही. सून अजूनही त्यांना आढ्यताखोर म्हणायची आणि सासूबाई तिला आळशी. फक्त ते आता तोंडावर म्हणायची सोय झाली होती. पडदे विरत चालले होते, घड्यांवर तर उजेड आरपार यायचा. नवे घेऊ म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, आत्ता कुठे बघायला लागलेय.

त्या गेल्या तेव्हा धुण्याचा शनिवार जवळ आला होता. आजार वगैरे काही नाही. दुपारी खुर्चीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. नणंदेने नंतर सगळ्यांना सांगितलं की आई शेवटी आपलीच आठवण काढत होती. तसं तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. शेवटचा फोन सुनेला आला होता, आदल्या संध्याकाळी, टेबलावरच्या नकाशात ती एका नदीचा काठ ओढत असताना.

"शनिवारी लवकर ये," सासूबाई म्हणाल्या, "आणि येताना लाकडी चिमटे आण. प्लास्टिकचे आणू नकोस, उन्हात तडकतात. आणि जेवून ये, मी काही करणार नाहीये."